कॉफी देण्यात आली

पत्र वाचता वाचता गुन्वोरबाईंचे वेलदोड्याचे पाव जळाले. एकाहत्तर वर्षांच्या आयुष्यात त्यांचे पाव याआधी एकदाच जळाले होते, आणि त्या दिवशी नवरा गेल्याचा फोन आला होता. यावरून पत्र केवढं असेल ते समजावं.

पत्र सरकारी खात्याचं होतं. जाड, शुभ्र, सभ्य. शब्द असे मऊ की पावावर लावून खावेत. इंटरनेट पुरवणाऱ्या प्रत्येक संस्थेनं आपल्या प्रत्येक ग्राहकाची नोंद ठेवावी: कोण, केव्हा, कुठून आणि किती वेळ जोडला गेला. नोंदी दहा महिने सांभाळाव्यात. मागितल्या तर द्याव्यात.

गुन्वोरबाईंनी पान उलटलंच नाही. पहिल्या पानावरच त्यांचे कान तापले होते. जळके पाव तसेच ठेवून त्यांनी एवर्टला फोन लावला.

"एवर्ट, कोट चढव. सरकार आपल्या घरात शिरतंय."

"कुणाच्या घरात?" एवर्टनं विचारलं. तो संस्थेचा चिटणीस. आयुष्यभर जमिनीची मोजणी केलेली. घर कुणाचं हे आधी ठरल्याशिवाय त्याला राग येत नसे.

"त्रेसष्टच्या त्रेसष्ट घरांत!"

ग्रानहेदा गावाचं इंटरनेट गावाचंच होतं. मोठ्या कंपन्यांनी नकाशा पाहून नकाराची मान हलवली होती, म्हणून गावानं स्वतः फावडी उचलली. दोन उन्हाळे दलदलीतून, खडकातून, तळ्याच्या काठानं चर खणले आणि फायबरची केबल पुरली. यंत्रं बसवली जुन्या डेअरीच्या खोलीत, जिथं अजून ताकाचा वास येई. अध्यक्ष निवडायची वेळ आली तेव्हा सगळ्यांची मान एकाच दिशेला वळली. गुन्वोरबाई अडतीस वर्षं गावच्या पोस्टात होत्या, आणि अडतीस वर्षांत त्यांनी कुणाचं उघडं पोस्टकार्डसुद्धा वाचलं नव्हतं. पत्ता वाचायच्या, कार्ड पालथं घालायच्या. त्यांची आईही टपाल वाटायची, बर्फातून घसरगाडी ढकलत. आणि पिशवी भरताना गुणगुणायची:

*पाकिटाला लावी ओठ, कुणी जिवाचं माणूस;*
*ओझं उचलावं बाई, आत काय ते न पूस.*

गुन्वोरबाईंनी संस्थेच्या नियमांत पहिलं कलम घातलं होतं ते याच चालीवर: यंत्रानं काहीही लक्षात ठेवायचं नाही.

मंगळवारी संध्याकाळी गावघरात जादा सभा भरली. टेबलावर सात प्रकारची बिस्किटं होती, कारण सातांपेक्षा कमी ठेवली तर गाव बोलतं, आणि जास्त ठेवली तर जास्तच बोलतं. त्रेसष्टांपैकी बासष्ट घरं आली. एक घर आलं नाही, ते तळ्यापलीकडच्या हिल्डिंगचं. जिथं त्याचा भाऊ अल्वार असेल तिथं हिल्डिंग सव्वीस वर्षं येत नसे.

गुन्वोरबाई उभ्या राहिल्या.

"चोराच्या घरी जा, चोराची नोंद ठेवा, मी नाही म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "पण आपण काय केलंय? काही न केलेल्या माणसाच्या पावलापावलाची वही? उद्या म्हणतील, प्रत्येक पाकिटावर लिहा कोण कुणाला किती वेळ आठवतं! माझ्या पोस्टात असं कुणी मागितलं असतं तर मी त्याच्या कपाळावर शिक्का मारला असता!"

सभागृहात बुटांचा गडगडाट झाला. टाळ्या वाजवायची इथं फारशी रीत नाही; लोक पाय आपटतात.

"नकार मंजूर," एवर्ट लिहिता लिहिता म्हणाला. मग चष्म्यावरून पाहिलं. "पण कारणं?"

"कसली कारणं?"

"नियम अकरा. नकाराचा ठराव सकारण हवा. इतिवृत्तात नाही ते घडलंच नाही."

मागून खुर्ची करकरली आणि होल्गर उभा राहिला. मूस हरणांच्या शिकारटोळीचा म्होरक्या. दाढी अशी की तिच्यात चिमणी हिवाळा काढेल. रागानं लाल झाला होता.

"माझं कारण लिही! गुरुवारी संध्याकाळी मी इंटरनेटवर बघून मोजे विणायला शिकतो. टाचेशी अडलोय. आता हे त्या खात्याला कशाला कळायला हवं?"

"गुरुवारी किती वाजता?" एवर्ट.

"सात ते आठ."

"नक्की?"

"साडेसात ते सव्वाआठ. टाच अवघड आहे म्हटलं ना!"

संताप हा सर्दीसारखा असतो, एकाला शिंक आली की ओळीनं सगळ्यांना येते. स्वेआ उठली, जिच्या पावांना तीन वर्षं तालुक्यात पहिलं बक्षीस होतं. "माझ्या आजीची पाककृती माझ्या आजीची नाहीये. फिनलंडच्या एका बाईच्या पानावरून घेतलीय. तीन वर्षांपूर्वी, मार्चमध्ये. घ्या! पण हे मी माझ्या तोंडानं सांगीन, सरकारनं माझ्या मागून वाचायचं नाही!"

"फिनलंड?" कुणीतरी घायाळ आवाजात म्हणालं.

पास्टर मार्गिट उठल्या. "शनिवारी दुपारी मी किनाऱ्याकडच्या एका पास्टरबाईंची प्रवचनं वाचते. आणि रविवारी... त्यातून स्फूर्ती घेते."

"तरीच!" होल्गर ओरडला. "तरीच आमच्या ख्रिसमसच्या प्रवचनात भरतीओहोटी आली! मी बायकोला म्हटलं, आपल्या तळ्याला कधीपासून भरती यायला लागली?"

माणसं एकापाठोपाठ उठत गेली. जो तो आपलं गुपित दगडासारखं उचलून सरकारच्या दिशेनं भिरकावत होता. एवर्टची लेखणी कुरकुरत होती आणि मधूनमधून विचारत होती, "वार कोणता? वेळ?" आणि लोक, एवढे चिडलेले लोक, वार आणि वेळ सांगत होते.

सगळ्यात शेवटी अल्वार उठला. ऐंशीला टेकलेला, वाळक्या बर्चच्या फांदीसारखा.

"मी रोज सकाळी सातला बुद्धिबळ खेळतो," तो म्हणाला. "इंटरनेटवर. खोट्या नावानं. समोरचाही खोट्या नावानं खेळतो. त्याला ठाऊक नाही मी कोण ते. पण मला ठाऊक आहे तो कोण. घोडा असा तिरपा हलवणारा माणूस आमच्या आईनं एकच जन्माला घातला."

त्यानं पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

"मी त्याला ते पत्र लिहिलं त्याचं मला अजून वाईट वाटतं. पण हे त्याला कळलं तर तो खेळायचा थांबेल. एवढंच."

एवर्टनं नाक पुसलं, आणि लिहिलं. ग्रानहेदात सगळ्यांना सगळं ठाऊक असतं आणि कुणी काही बोलत नाही. हिल्डिंगपर्यंत हे कुणाच्या तोंडून जाणार नव्हतं. मग कॉफी देण्यात आली.

बुधवारी सकाळी एवर्टनं एक चिकटवलेलं पाकीट आणून दिलं. "ठराव, सोबत इतिवृत्त. खात्याच्या पत्त्यावर."

दुसऱ्या कुणी असतं तर पाकीट फोडून एकदा नजर टाकली असती. पण बंद पाकीट उघडायला गुन्वोरबाईंची बोटं वळतच नसत. तिकीट चिकटवलं, कोपरे दाबले, आणि अकरा वाजता टपालाच्या पिवळ्या पेटीत टाकलं. पाकीट तळाशी पडल्याचा आवाज ऐकून त्यांना लढाई जिंकल्यासारखं वाटलं.

परतताना त्या गावघराच्या बोर्डापाशी थांबल्या. दर सभेचं इतिवृत्त एवर्ट तिथं चार टाचण्यांनी लावत असे. गुन्वोरबाईंनी आपलं भाषण शोधायला चष्मा लावला. भाषण होतं. त्याखाली तीन पानं होती.

*होल्गर: गुरुवार, १९.३० ते २०.१५, मोजे (टाच). स्वेआ: मार्च, फिनलंड. मार्गिट: शनिवार दुपार, प्रवचने. अल्वार: दररोज ७.००, बुद्धिबळ, प्रतिस्पर्धी हिल्डिंग (भाऊ), त्यास माहीत नाही; जुन्या पत्राचे वाईट वाटते.*

कोण, केव्हा, किती वेळ. खात्यानं मागितलं होतं त्याहून एक रकाना जास्तच होता: कशासाठी.

गुन्वोरबाईंनी टाचण्यांसकट कागद फाडून काढला. एक टाचणी बोटात घुसली. त्यांना कळलंही नाही. त्या तशाच एवर्टच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"हेच पाकिटात आहे?"

"हेच म्हणजे? साक्षांकित प्रत आहे," एवर्ट अभिमानानं म्हणाला.

"अरे मोजणीदारा! आपण काय नाकारलं काल?"

"नोंदी ठेवणं."

"आणि तू काय ठेवलंस?"

एवर्टनं कागदाकडे पाहिलं. वर पाहिलं. पुन्हा कागदाकडे पाहिलं. त्याचा चेहरा हळूहळू पिठासारखा झाला. "गुन्वोर, आणि सरकारकडे पोचलेला कागद म्हणजे चव्हाट्यावरचा कागद. कुणीही मागावा, कुणीही वाचावा. तालुक्याच्या पेपरातली ती पोरगी दर शुक्रवारी मागतेच, नवीन काय आलं म्हणून."

गुन्वोरबाई पेटीकडे निघाल्या तेव्हा रस्त्यात अल्वार भेटला. त्याला बातमी आधीच कळली होती. बातमी इथं केबलशिवाय जाते. तो टोपी हातात चुरगाळत होता.

"गुन्वोर, पेपरात येईल ना?"

"गावाला तर तूच सांगितलंस, अल्वार."

"गावाला ठाऊक असणं वेगळं आणि कागदाला ठाऊक असणं वेगळं. गाव डोळे मिटून घेतं. कागद मिटत नाही." त्यानं टोपी पुन्हा पिळली. "सकाळी सातला एवढं एकच असतं गं मला. तो थांबला तर मी कुणाशी हरू?"

तीनला पाच कमी असताना दोघं पिवळ्या पेटीपाशी उभे होते. बर्चची शेवटची पानं वाऱ्यावर पत्त्याविना फिरत होती. बरोबर तीनला पिवळी गाडी आली आणि इंगेला उतरली. पन्नाशीची, रुंद खांद्यांची. तिला टपालाचं काम गुन्वोरबाईंनीच शिकवलं होतं.

"काय गं, दोघं? कुणाची वाट बघताय?"

"इंगेला," गुन्वोरबाई म्हणाल्या, आणि आपलाच आवाज त्यांना ओळखू आला नाही. "पेटीत माझं एक पाकीट आहे. मला ते परत हवंय."

इंगेलानं पेटी उघडली, पत्रं पिशवीत ओतली, आणि पिशवी छातीशी धरली. "पेटीत पडलेलं पत्र कुणाचं असतं, गुन्वोर?"

"माझी परीक्षा घेतेस?"

"तूच घ्यायचीस. पहिल्याच आठवड्यात."

"ज्याच्या नावानं आहे त्याचं असतं," गुन्वोरबाई जमिनीकडे बघत म्हणाल्या. "टाकणाऱ्याचं राहत नाही."

इंगेलाला राहवलं नाही. तिनं पिशवी गाडीच्या बॉनेटवर ठेवली, तोंड उघडंच ठेवलं, आणि खिशातून संत्रं काढलं. "मी तळ्याकडे बघत हे सोलणार आहे. साल जाड आहे. पाच मिनिटं लागतील."

ती पाठ करून उभी राहिली.

पाकीट वरच होतं. एवर्टचं काटेकोर अक्षर दिसत होतं. गुन्वोरबाईंचा हात पिशवीत गेला. बोटं कागदाला लागली.

"घे," अल्वार कुजबुजला.

आणि मग तो एकदम थांबला. त्याच्या वाळक्या गालांवर रंग चढायला लागला.

"थांब," तो म्हणाला. "सव्वीस वर्षांपूर्वी मी याच पेटीपाशी आलो होतो. शिकारीतल्या मूसच्या मांडीच्या वाट्यावरून आमचं भांडण झालं, मी रागाच्या भरात हिल्डिंगला पत्र लिहिलं, टाकलं, आणि अर्ध्या तासात पळत आलो. रडत होतो मी, गुन्वोर! चोपन्न वर्षांचा बाप्या, रडत होतो. तू काय म्हणालीस?"

गुन्वोरबाईंचा हात अजून पिशवीतच होता.

"'पेटीत पडलं ते पडलं, अल्वार.' पाकीट तुझ्या हातात होतं! मला दिसत होतं! तू ते माझ्या डोळ्यांदेखत थैलीत टाकलंस. आणि आज स्वतःचं आलं तर हात घालतेस? सव्वीस वर्षं मी मनाची समजूत घातली की नियम होता म्हणून! आता ते तरी राहू दे माझ्याकडे!"

"अल्वार, यात तुझंच—"

"माझंच आहे! म्हणून सांगतो, काढलंस तर याद राख!"

गुन्वोरबाईंनी हात बाहेर काढला. रिकामा. टाचणीच्या जागी बोटाला रक्ताचा एक थेंब होता. इंगेला वळली, संत्रं सोलून झालं होतं, पण तिनं एकही फोड खाल्ली नव्हती. गाडी निघून गेली, आणि दोन म्हातारी माणसं रस्त्यावर एकमेकांवर चिडून उभी राहिली, कारण दोघांचंही बरोबर होतं.

तीन आठवडे गुन्वोरबाई धड झोपल्या नाहीत. सकाळी सातला त्या खिडकीशी उभ्या राहून तळ्याकडे बघत, जणू डाव तिथून दिसणार होता.

मग एका शुक्रवारी तालुक्याचा पेपर आला. पहिल्याच पानावर फोटो होता: ग्रानहेदाचं इतिवृत्त, चारही पानं. पेपरवाल्या पोरीनं मागितलं होतं आणि खात्यानं दिलंही होतं. पण देण्याआधी प्रत्येक ओळ जाड काळ्या पट्टीनं झाकून. नावं काळी, वार काळे, मोजे काळे, फिनलंड काळं. नांगरलेल्या शेतासारखी पानं. फक्त तळाची एक ओळ पांढऱ्यावर उरली होती:

*कॉफी देण्यात आली.*

त्याच दिवशी इंगेलानं खात्याचं उत्तर आणलं. मऊ, सभ्य. खासगी व्यक्तींचा असा तपशील उघड करण्याचा खात्याला अधिकार नसल्यानं तो झाकला आहे. शिवाय एवढ्या लहान संस्थांना ही सक्ती लागूच नाही; तसं पहिल्या पत्राच्या मागल्या पानावर छापलं होतं.

गुन्वोरबाईंना आनंद व्हायला हवा होता. त्यांनी पेपर टेबलावर आपटला.

"माझं भाषण!" त्या एवर्टला फोनवर म्हणाल्या. "माझं भाषणही काळं केलंय! अरे, तेवढंच तर त्यांनी वाचावं म्हणून पाठवलं होतं! बाकीचं झाकलं ते ठीक, पण मी खासगी काय बोलले? मी तर ओरडत होते!"

"पुन्हा पाठवू?" एवर्टनं विचारलं.

"पाकिटाला हात लावशील तर बघ!"

फोन ठेवते तोच दारावर टकटक झाली. दारात हिल्डिंग उभा होता. सव्वीस वर्षांत तो तळ्याच्या या बाजूला फक्त दाताच्या डॉक्टरसाठी आला होता.

"त्या बुधवारी दात दाखवायला आलो होतो, तेव्हा बोर्डावरचा कागद वाचला," तो बसता बसता म्हणाला. "तू फाडायच्या आधी."

गुन्वोरबाईंनी त्याच्यासमोर कप ठेवून कॉफी ओतली. "मग? थांबलास खेळायचा?"

"थांबू कशाला? मला पहिल्या डावापासून ठाऊक आहे. हरायला लागला की तो पाच मिनिटं गायब होतो, चुलीत लाकूड घालायला. लहानपणापासून तेच. तळ्यापलीकडून मला त्याच्या धुराड्याचा धूर दिसतो. धूर आला की मी समजतो, वजीर पडला." त्यानं कॉफीचा घोट घेतला. "पण मला ठाऊक आहे हे त्याला कळू देऊ नकोस. तो लाजेल. मग थांबेल."

गुन्वोरबाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. दोन भाऊ, एक तळं, आणि दोघांचं एकच गुपित दोन्ही बाजूंनी त्यांच्याच ओट्यावर आणून ठेवलेलं. यंत्रानं काही लक्षात ठेवायचं नाही असा नियम त्यांनी केला होता. स्वतःसाठी तसं कलम घालायचं राहून गेलं होतं.

"आणि हे," हिल्डिंग म्हणाला. त्यानं कोटाच्या आतून एक पिवळं पडलेलं पाकीट काढलं. अल्वारचं अक्षर. पाकीट बंद होतं.

"हिल्डिंग! तू हे उघडलंच नाहीस?"

"कशाला उघडू?" सव्वीस वर्षांचा राग एका दमात वर आला. "तळं केवढंसं आहे! होडीत बसून यायचं, तोंडावर शिव्या द्यायच्या, मी पण दिल्या असत्या, संपलं असतं! पत्र कसलं पाठवतो भावाला? तिकीट लावून?" मग आवाज खाली आला. "त्याला त्याचं वाईट वाटतं, असं कागदावर होतं. मी वाचलेलंच नाही, तर उगाच वाईट का वाटावं? पण मी हातानं नेऊन देणार नाही. तू काहीतरी कर. नियमात बसेल असं."

पोस्ट बंद झालं तेव्हा गुन्वोरबाईंनी एक रबरी शिक्का घरी आणला होता. आयुष्यातला तेवढा एकच गुन्हा. आता त्यांनी तो सुया-दोऱ्यांच्या डब्यातून काढला, शाईवर दाबला, आणि पाकिटावर असा मारला की बशीतले चमचे वाजले:

*स्वीकारले नाही. पाठवणाऱ्यास परत.*

सोमवारी इंगेलानं पाकीट अल्वारच्या दारातल्या पेटीत टाकलं. मंगळवारी सकाळी सात वाजता, डाव जेमतेम सुरू झाला असताना, अल्वारच्या धुराड्यातून धूर निघाला. एरवी तो पाचच मिनिटांत थांबायचा; आज तो बराच वेळ, लाकडाचा नव्हे तर कागदाचा, दाट, वळत वळत निघत राहिला. पलीकडच्या काठावर हिल्डिंग वाट बघत बसला. मग एक घोडा हलला.

पुढच्या सभेला त्रेसष्ट घरं आली. हिल्डिंग दाराशी बसला, अल्वार खिडकीशी. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही, फार काळजीपूर्वक पाहिलं नाही. बिस्किटं सात प्रकारची होती. होल्गरच्या पायांत नवे मोजे होते. त्यांना टाचा होत्या.

एवर्टनं लेखणी उघडली. "गेल्या सभेनंतर काही घडलं?"

गुन्वोरबाईंनी दाराकडे पाहिलं. खिडकीकडे पाहिलं.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "कॉफी आण."

एवर्टनं चष्मा सावरला, आणि पहिल्यांदाच, वार न विचारता, वेळ न विचारता, एकच ओळ लिहून वही मिटली.